पिल्लाला कच्चं कधीपासून घालायचं?

रंकाळ्यावर सकाळी चिमीला फिरवताना रोज कुणी ना कुणी थांबवतंच. चिमी म्हणजे आमची ग्रेट डेन जातीची कुत्री. नाव मुलीनं ठेवलंय, वजन ५५ किलो आहे. पहिला प्रश्न असतो, "चावती काय?" आणि दुसरा ठरलेला, "वैनी, कच्चं मटान घालतासा न्हवं? कवापास्नं चालू केलं?" गेल्या रविवारी हेच एका पोरानं विचारलं. त्याच्या कडेवर दोन महिन्यांचं डेनचं पिल्लू होतं, पंजे बशीएवढे, आणि खांद्यावरच्या पिशवीतून कॅल्शियमच्या बाटलीचं टोपण डोकावत होतं. उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवटच झालं. तुम्हीही बरेच जण विचारता, म्हणून एकदाच नीट सांगते.

हो, घालते. पण चिमी वर्षाची झाल्यावर चालू केलं. आणि ते इतक्या उशिरा का, हे सांगायचं तर चिमीच्या आधीच्या सुलतानकडे जावं लागतं.

सुलतान आला तेव्हा पन्नास दिवसांचा होता. मी तेव्हा नुकतंच कच्च्या खाण्याविषयी वाचायला लागले होते. इयन बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं १९९०च्या दशकात ही टूम काढली. कुत्रं मूळचं लांडग्याच्या कुळातलं, तेव्हा त्याला कच्चं मांस आणि कच्ची हाडंच द्यायची, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं, पण अर्धंच. हाड घशात अडकेल म्हणून हाडं वगळली आणि मटणाचा खिमा चालू केला. थोडा भात, कधी अंडं. कोल्हापुरात राहून मटण नाही घालायचं तर काय घालायचं, असा एक रुबाबही त्यात होता, खोटं कशाला बोलू. दुकानदारानं कॅल्शियमची बाटली दिली. "डेन आहे ना, मग लागणारच." दोन चमचे सकाळी, दोन रात्री.

चौथ्या महिन्यात त्याची पुढची मनगटं खाली बसायला लागली. पंजा उभा राहायचा तो चपटा पडून बाहेर फाकला. मग उठण्याची तऱ्हा बदलली. आधी पुढचे पाय, मग थांबणं, मग मागचं अंग ओढून घेणं, आणि उठून झाल्यावर माझ्याकडे बघणं. मला वाटलं, वाढीचं अंग आहे, पोरांचे पाय दुखतात तसं. एके दिवशी पायरीवरून उतरताना केकाटला. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरून मला जवळ बोलावलं. हाडं आणि आजूबाजूचं मांस यांचा रंग जवळजवळ सारखाच होता. "हाड असं दिसत नाही," ते म्हणाले. डाव्या पुढच्या पायात बारीक चीर गेलेली होती.

मग त्यांनी विचारलं, "खायला काय घालता?" मी अभिमानानं सांगितलं, रोज किलोभर मटण. त्यांनी माझ्याच वहीत हिशेब मांडला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. बिनहाडाच्या एक किलो मांसात कॅल्शियम निघतं शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम. त्याच मांसात फॉस्फरस मात्र दोन ग्रॅमच्या आसपास. वाढत्या पिल्लाला दर हजार कॅलरींमागे साधारण तीन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि सुलतान त्या वयात दिवसाला दोन हजारांच्या घरात कॅलरी खात होता. म्हणजे गरज सहा ग्रॅमची. बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला तर दोन्ही वेळचं मिळून पाऊण ग्रॅमसुद्धा भरत नव्हतं. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीखाली गेलं तर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत. त्यामुळे बाहेरून येत नसेल तर मानेतल्या ग्रंथी ते हाडांतून काढून घेतात. रोज काढतात. रक्त तपासलं तर सगळं ठीक, आणि हाड आतून पोकळ होत जातं.

नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांचा हा जुना, ठाऊक असलेला रोग आहे. सुलतानला आठ आठवडे छोट्या खोलीत ठेवला, मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाणं चालू केलं, आणि तो सावरला. डावा पाय मात्र जरा वाकडा राहिला तो राहिलाच. नऊ वर्षं जगला, डेनच्या मानानं चांगली. पण रंकाळ्याला अर्धा फेरा झाला की बसायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग कॅल्शियम भरपूर घालावं! इथेच मोठ्या जातींची गंमत आहे. पूर्ण वाढलेलं कुत्रं जादा कॅल्शियम आतड्यातून सोडून देतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही. जेवढं पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा अंगात शोषला जातोच. नेदरलंड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नेमकी डेनचीच पिल्लं घेऊन हे दाखवलं. जादा कॅल्शियमवरच्या पिल्लांची हाडं मजबूत झाली नाहीत, उलट सांध्याच्या कूर्चा बिघडल्या आणि पाय वाकडे झाले. कमी पडलं तरी वाकडे, जास्त झालं तरी वाकडे. लहान जातीच्या कुत्र्यात ही चूक बऱ्याचदा खपून जाते. डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांच्यात खपत नाही, कारण वर्ष-दीड वर्षात त्यांचं वजन जवळजवळ शंभरपट होतं.

म्हणून त्या पोराला पहिली गोष्ट सांगितली, ती बाटली. तयार खाणं चालू असेल तर बाटली बंद. पाकिटावर 'मोठ्या जातीची पिल्लं' असं लिहिलेलं हवं आणि कॅल्शियम सुमारे १.२ ते १.८ टक्क्यांच्या दरम्यान. हा आकडा पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या 'आफको' या अमेरिकी संस्थेचा, पूर्ण वाढल्यावर ३२ किलो किंवा त्याहून जड होणाऱ्या कुत्र्यांसाठीचा. त्यात बाटली ओतली की मोजूनमापून केलेलं सगळं मुसळ केरात.

चिमीचं हे असंच केलं. पहिला आठवडा जिथून आणली तिथे जे खात होती तेच. नवं घर, आई नाही, लशी चालू, जंताचं औषध चालू. तेवढ्यात खाणंही बदललं आणि हगवण लागली, तर दोष कशाचा ते कुणालाच कळत नाही, आणि त्या वयात पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीची भीती वेगळीच. मग आठ-दहा दिवसांत हळूहळू मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्यावर आणलं. आणि तिला गुबगुबीत होऊ दिलं नाही. ह्यावर घरी रोज भांडण व्हायचं. सासूबाईंचं म्हणणं, "पोरीच्या बरगड्या हाताला लागतात, उपाशी मारतीस." मी म्हणायचे, हाताला लागायलाच हव्यात, डोळ्यांना दिसल्या तर काळजी करू. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९७४ सालीच डेनच्या पिल्लांना हवं तेवढं खाऊ घालून पाहिलं होतं. त्यांची हाडं-सांधे, मोजून दोन तृतीयांशच खाणाऱ्या पिल्लांपेक्षा जास्त बिघडले. पुढे ४८ लॅब्रॅडॉरवर चौदा वर्षं चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली आला. पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली. डेन लौकर मोठं दिसावं ही हौस आपली, कुत्र्याची नव्हे.

वर्षाची झाल्यावर कच्चं चालू केलं, तेही जनावरांच्या आहाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे कागदावर पाककृती लिहून घेऊन. परदेशी याद्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत. त्यांचं निम्मं गणित गायीच्या मांसावर. आपल्याकडे २०१५ पासून बैलसुद्धा कायद्यानं बंद. बोकडाचं रोज सव्वा किलो म्हणजे कुत्र्यासाठी वेगळं कर्ज काढायचं. म्हणून मुख्य भर कोंबडीवर. हाडासकट दळलेल्या माना, पोटा, दिल, थोडी वजडी, आणि कलेजी फार तर पाच टक्के, कारण कलेजीत 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाडगाभर घातली तर तेच बाधतं. पहिल्या आठवड्यात माना जरा जास्त झाल्या. दुसऱ्या दिवशी शी पांढरी, खडूच्या कांडीसारखी, पायानं दाबली तर भुगा. हाड जास्त झाल्याची ती खूण. माना कमी केल्या, मांस वाढवलं, दोन दिवसांत सुधारलं. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही, त्याचे भाल्यासारखे तुकडे होतात. आणि मोठी नळी कच्चीही देत नाही, त्यावर दाढ फुटते.

आता कलेजीचं एक सांगते, कारण यावर कुणी बोलत नाही. एकदा मटणाच्या दुकानात गेले होते. मामांनी कलेजी उचलली, उलटी केली, बोट फिरवलं आणि थांबले. कडेला लिंबाएवढा पांढुरका फुगवटा होता. सुरीचं टोक लावलं तसं आतून स्वच्छ, पाण्यासारखं पाणी उडालं. "ही न्हाई द्यायची वैनी. पाण्याची गाठ हाय." एवढं बोलून त्यांनी तो तुकडा सवयीनं खालच्या बादलीकडे टाकला आणि फळीखाली बसलेल्या दोन कुत्र्यांपैकी एकानं वरच्यावर झेलला.

ती गाठ म्हणजे एका पट्टकृमीची अळी-अवस्था. कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या आतड्यात जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचे कृमी तयार होतात. कुत्र्याला काहीही होत नाही, मस्त खेळतं. अंडी विष्ठेतून गवतावर जातात, तिथून शेळ्या-मेंढ्यांत. आणि कुत्र्याच्या केसांवरून, आपल्या हातांवरून माणसाच्या पोटात. मग तशीच गाठ माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात, वर्षानुवर्षं गुपचूप वाढत. साध्या जंताच्या औषधानं हा कृमी जाईलच असं नाही, प्राझिक्वांटेल असलेलं लागतं. त्या दिवसापासून शेळी-मेंढीची कलेजी आणि फुप्फुस मी चांगलं शिजवूनच घालते. मामांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मग टाकायचं कुठं?" हा प्रश्न मात्र खराच आहे.

जंतूंचं निराळं. कोंबडी ज्या लाकडी ओंडक्यावर तुटते तो तुम्ही पाहिलाय. फ्रीझरमध्ये ठेवलं की साल्मोनेला मरत नाही, झोपतो. कुत्रं आजारी न पडता तो शीतून बाहेर टाकत राहतं आणि त्याच तोंडानं पोराचा गाल चाटतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०१२ सालीच कच्च्याविरुद्ध ठराव केला, तो मुख्यतः याच कारणानं. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. माझं भांडं वेगळं, सुरी वेगळी, मांस फ्रीजच्या तळकप्प्यात वितळतं, ओट्यावर नाही. गेल्या वर्षी नणंद बाळंतपणाला आली आणि त्याच सुमारास सासूबाईंचं मोठं औषधपाणी चालू झालं, तेव्हा या जंतूंची जोखीम नको म्हणून सहा महिने कच्चं सरळ बंद केलं. चिमीला उकडलेलं आणि तयार खाणं. काही फरक पडला का? केस तसेच, ताकद तशीच. दात मात्र जरा पिवळे पडले.

आणि बिलिंगहर्स्टचं ते लांडग्याचं. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की कुत्र्यात पिष्ट (धान्यातलं स्टार्च) पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. हे आमच्याकडच्या धनगरांना सांगायची गरज नाही. त्यांची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-ताकावर मेंढरं राखतायत. कच्चं खाल्लं की कुत्रं पिसाळतं, हेही मला दर आठवड्याला कुणीतरी सांगतं. पिसाळतं ते रेबीजनं, मटणानं नव्हे.

त्या पोरानं शेवटी विचारलं, "मग आता घरी जाऊन काय घालू?" म्हटलं, काल घातलंस तेच. बाटली डॉक्टरांना दाखव, आणि दर रविवारी वजन कर. घरचा काटा पुरेनासा झाला की भंगारवाल्याकडे जा. चिमीचंही सगळं बालपण तिथेच मोजलंय. पत्रे आणि कूलरच्या मधे लोखंडी काट्यावर ती गुमान बसायची, आणि दर वेळी भंगारवाला आकडा वाचून विचारायचा, "वैनी, काय भावानं घालायचं?"