तीन मात्रांचा ‘गोड’

‘कविता अनुभवायची सोडून मात्रा कसल्या मोजत बसता, सर?’ माझ्या निरोपसमारंभातही कुणीतरी विचारलंच. तर सांगतो.

रसिकता कमी म्हणून मोजत नाही. उलट तरुणपणी ती जरा जास्तच उतू जायची. बालकवींची ‘औदुंबर’ शिकवताना मी आवाज खोल न्यायचो. काळा डोह, तिकडे चाललेली पायवाट, आणि 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेलेला सत्तावीस वर्षांचा कवी. औदुंबर म्हणजे मृत्यू, संपला विषय! वर्ग चिडीचूप.

एका मुलानं चाचणीत लिहिलं : ‘आमच्या मळ्याजवळच्या उंबराची मुळं डोहात आहेत. आम्ही त्यावरून सूर मारतो. काळं दिसतं तिथं पाणी खोल असतं, म्हणून लागत नाही. कवीनंही काळिमा गोड म्हटला आहे.’ मी लाल शाईनं काट मारली. दहापैकी एक. एवढ्यावर भागलं नाही. उत्तर वर्गात वाचून दाखवलं, ‘आमचे पट्टीचे पोहणारे’ म्हणून. पोरं खिदळली. तो बाकावरची कोरलेली अक्षरं बोटानं गिरवत राहिला. पुढं वर्षभर त्यानं तोंड उघडलं नाही.

‘गोड’ हा शब्द मला तोवर दिसलाच नव्हता. खरंच. कविता तोंडपाठ, आणि शब्द गायब.

त्या रात्री पहिल्यांदा मोजलं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ‘झाकळुनी जळ’ आठ, ‘गोड काळिमा’ आठ, ‘पसरी लाटांवर’ दहा, आणि ओळीचं शेवटचं अक्षर लांबवून म्हटलं की अकरा. तिथं ‘घोर काळिमा’ही चपखल बसला असता, तेवढ्याच मात्रा. तरी बालकवींनी ‘गोड’च लिहिलं. मोजताना शब्द गाळता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मग बाकीचंही दिसायला लागलं. झरा वाहतो, पायवाट चालते, काळिमा पसरतो. झाड तेवढं बसलेलं. हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा असे रंग येतात आणि शेवटच्या ओळीत एकही नाही.

मग तो मुलगा बरोबर होता? तेही म्हणवत नाही. पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड मला अजून अस्वस्थ करतं, आणि भादली मनातून जात नाही. कितीही मोजा.

गुण वाढवले का, म्हणाल. नाही. ‘यादी ऑफिसात गेली होती’ असं वर्षानुवर्षं सांगत आलो. यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. मात्रा मी आदल्या रात्रीच मोजल्या होत्या.