मोठ्या फाइली डाउनलोड करायच्या तर लायब्ररी कुठली घ्यायची

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामांच्या फोनवर माझं कीर्तनाचं ॲप टाकून दिलं. छोटंसंच आहे, रेकॉर्डिंग उतरवून घ्यायचं आणि नेट नसताना ऐकायचं, बस. मामांनी दोन तासांचं कीर्तन डाउनलोडला लावलं, शंभरेक एमबीची फाइल, आणि ॲप धाडकन बंद. परत लावलं, परत बंद. मला फार वाईट वाटलं, माझ्या फोनवर महिनाभर सगळं नीट चाललं होतं ना.

रात्री लॉग (ॲपच्या नोंदी) बघितला तर आउट ऑफ मेमरी, म्हणजे ॲपची मेमरी संपलेली. मी व्हॉली वापरलेली, अँड्रॉइड ॲपला नेटवरून माहिती आणून देणारी लायब्ररी (म्हणजे तयार कोड), गुगलने २०१३ च्या आय/ओ परिषदेत आणलेली. छोट्या जेसॉनला (मजकूर म्हणून येणाऱ्या माहितीला) ती मस्तच आहे, पण सर्व्हरकडून आलेला आख्खा रिस्पॉन्स मेमरीत घेते, आणि मोठ्या डाउनलोडसाठी ही वापरू नका, डाउनलोडमॅनेजर बघा असं तिच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सरळ लिहिलंय. मी ते वाचलंच नव्हतं.

डाउनलोडमॅनेजर फोनमध्येच असतो, नेट गेलं, फोन रीस्टार्ट झाला तरी तो आपला आपण बघतो. साधं काम असेल तर खरंच तोच घ्या. मला पॉजचं बटण हवं होतं, ते त्यात देता येत नाही, म्हणून ओकेएचटीटीपी या दुसऱ्या लायब्ररीवर आलो. त्यात बॉडी (रिस्पॉन्समधली खरी फाइल) थोडी थोडी वाचून थेट फाइलमध्ये लिहिता येते, मेमरी वाढतच नाही. रेट्रोफिट (ओकेएचटीटीपीवरच चालणारी लायब्ररी) वापरत असाल तर स्ट्रीमिंगचं ॲनोटेशन (कोडमध्ये लावायची खूण) विसरू नका, आणि लॉगिंग इंटरसेप्टर (नेटवरच्या देवाणघेवाणीची नोंद ठेवणारा भाग) बॉडी लेव्हलवर ठेवलात तर तो लॉगसाठी सगळी बॉडी परत मेमरीत ओढतो, म्हणजे केलेलं पाण्यात. माझे दोन दिवस यात गेले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मामांच्या घरी रेंज फक्त ओसरीत, माजघरात गेलं की गेली. तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू करायचं तर सर्व्हरला विनंतीसोबत जो हेडर (सूचनेची ओळ) पाठवतात त्याचंही नाव रेंजच! किती बाइट आलेत ते सांगायचं, सर्व्हर २०६ हा उत्तराचा कोड देऊन उरलेलं पाठवतो. सोबत इफ-रेंज हेडरमध्ये ईटॅग (फाइलच्या त्या आवृत्तीची खूण) द्यायचा, मधे फाइल बदलली असेल तर २०० येतो आणि सगळी फाइल पहिल्यापासून येते. हा २०० तपासायचा माझ्याकडून राहिला होता, एका रेकॉर्डिंगचा आवाज सुधारून मी ते परत चढवलं आणि ॲपने नवी फाइल जुन्या अर्ध्या फाइलला जोडून टाकली, तर पूर्वरंग अर्ध्यावर असतानाच परत नमन सुरू! मामांनीच फोन करून सांगितलं.

त्यामुळे आता कुठलीही लायब्ररी बघताना मी आधी मोठी फाइल लावतो, अर्ध्यावर फ्लाइट मोड टाकतो, ॲप मारतो, परत उघडतो. स्पीडचे तक्ते नंतर. मामांचं कीर्तन परवा ओसरी-माजघर करत तीन तुकड्यांत उतरलं, आणि सलग वाजलं.