भिगवणची फेरी: बीज घेण्याआधी वंश विचारा

शेततळ्यात रोहू सोडायचा म्हणून गेल्या रविवारी पहाटे पाचला हडपसरहून निघालो. सोलापूर रस्त्यानं भिगवण साधारण १०० किलोमीटर. पोहोचलो तेव्हा उजनीच्या माशांचा लिलाव रंगात होता. चिलापीचे ढीगच्या ढीग! लिलाव जरूर बघा, पण बीजाचा, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांचा, निर्णय तिथं करू नका. बाजारात माल दिसतो, वंश दिसत नाही.

खरं बघायला मिळालं ते पुढं, इंदापूरच्या वाटेवर ओळखीच्या एका मत्स्यशेतकऱ्याकडे. गेल्या पावसाळ्यात एकाच खेपेची रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यांनी दोन तळ्यांत सोडली होती. एका तळ्यात एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र. जाळं ओढलं तर सगळे मासे जवळपास एका मापाचे. दुसऱ्यात पहाटे ऑक्सिजन उतरतो. तिथं बरेच किडकिडीत, पण काही पहिल्या तळ्यातल्यांच्या तोडीस तोड. ते दोन ढीग मी बराच वेळ बघत राहिलो.

चांगल्या पाण्यात झाकलेला आनुवंशिक फरक ताण पडला की उघडा होऊ शकतो. २०१३ साली मेक्सिकोतल्या आंधळ्या गुहामाशांच्या नदीतल्या डोळस भाऊबंदांवर हे दाखवलं गेलं: पेशीतली प्रथिनं सांभाळणाऱ्या एचएसपी ९० या प्रथिनाचं काम औषधानं रोखताच डोळ्यांच्या आकारात मोठा फरक दिसू लागला. त्यातले बारीक डोळ्यांचे निवडले, तर त्यांच्या पिल्लांत तो गुण औषधाशिवायही उतरला. तळ्यातला प्रत्येक फरक मात्र रक्तातला नसतो. आधी मोठा झालेला मासा खाद्यही जास्त ओढतो. म्हणून पिल्लं वाढवून पाहिल्याशिवाय खात्री धरू नये.

आणि मुळात फरक शिल्लक तरी हवा. भुवनेश्वरच्या जयंती रोहूसाठी, म्हणजे निवडीनं सुधारलेल्या वाणासाठी, १९९२ पासून गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांचे मासे गोळा केले, ते याचसाठी. रोहूची मादी किलोमागं लाखांनी अंडी देते, त्यामुळं चार-दोन जोड्यांवरही बीज केंद्र चालू शकतं, आणि वंश आकसत जातो. तेव्हा बीज घेताना दराआधी विचारा: जनक मासे कुठले, किती जोड्या, बाहेरचे नवे शेवटचे कधी आणले? उत्तर टाळलं तर सरळ पुढं जा.

वजनकाटा आणि ऑक्सिजन मीटर सोबत असू द्या. बोटुकली दुपारच्या उन्हात आणू नका. पिशव्या आधी तळ्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून मगच सोडा.

मी मोकळ्या हातानं परतलो. दुसऱ्या तळ्यातले ते तगडे मासे विकू नका, जनक म्हणून वेगळे ठेवा, एवढं मात्र त्या मत्स्यशेतकऱ्याला हात जोडून सांगून आलो.