कांद्याच्या मुळाचे टोक

प्रयोगशाळेत 'प्रिपरेशन' हा शब्द आम्ही दिवसभर उच्चारतो, पण तो प्रयोगाआधीच्या तयारीसाठी नव्हे, तर काचपट्टीवर तयार झालेल्या नमुन्यासाठी. "तुझं प्रिपरेशन दाखव" म्हणजे तुझी स्लाइड दाखव. अनेक वर्षे अकरावीला जीवशास्त्र शिकवूनही या दोन अर्थांतले नाते मला उमगले ते सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, एका प्रात्यक्षिकात.

आमचे महाविद्यालय नाशिक जिल्ह्यात असल्याने कांद्याची वाण कधीच नसते. बुडाची वाळकी मुळे खरवडून कांदे बाटल्यांच्या तोंडावर ठेवले, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असे, आणि तीन दिवसांत तीन-तीन सेंटिमीटर मुळे फुटली. इथवर सारे नीट झाले. मात्र त्या सकाळी उत्तरपत्रिकांचे काम अंगावर होते, म्हणून मी टोके तेवढी वेगळी न काढता मुळांचे सेंटिमीटरभर तुकडे केले आणि सगळे एकाच कुपीत, 3 भाग अल्कोहोल आणि 1 भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडच्या ताज्या मिश्रणात टाकले. विभाजन मुळाच्या टोकाशी चालते आणि एका मुळाच्या तीन तुकड्यांपैकी टोक एकातच असते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी ॲसिटोकार्मिन हा लाल रंग घालून वॉच ग्लास, म्हणजे काचेची उथळ वाटी, स्पिरिटच्या दिव्यावर हलके गरम केले, कव्हरस्लिप न सरकवता टिपकागदावरून अंगठ्याने दाब दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. तासभर एकाच्याही नजरेस विभाजन पडेना. जिकडे पाहावे तिकडे लांबट, फिकट, विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसत होत्या. त्या वाढून लांब झालेल्या होत्या. विभाजन त्यांनी केव्हाच थांबवले होते. पुस्तकातले चित्र खोटे असावे, असे एक मुलगा हळूच म्हणाला आणि ते मला फार लागले.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने आपला तुकडा अजून कापलाच नव्हता. "सर, याच्या एकाच टोकाला रंग इतका गडद का बसलाय?" तिने विचारले. वॉच ग्लासात पांढुरका तुकडा होता आणि त्याचे शेवटचे दोन मिलिमीटर गर्द लाल झाले होते. विभाजन करणाऱ्या पेशी लहान, दाटीने बसलेल्या आणि मोठ्या केंद्रकाच्या असतात, म्हणून तिथे रंग गडद दिसतो. तिने तेवढेच टोक कापले. 40एक्स भिंगाखाली पेशीच्या मध्यावर ओळीने लागलेली गुणसूत्रे दिसली. शेजारच्या पेशीत ती दोन्ही टोकांकडे ओढली जात होती. कांद्याच्या पेशीतली सोळा गुणसूत्रे मोजताना तिला तीनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तुकडे मी कसे कापले होते, ते मी वर्गाला सांगितले. दुपारच्या तुकडीसाठी नवी मुळे नव्हती, तेव्हा आम्ही प्रात्यक्षिक चार दिवस पुढे ढकलले आणि संध्याकाळपर्यंत ती मुले माझ्यासोबत कांद्यांची बुडे खरवडत बसली.