फुलोऱ्याआधीची ओळख

सोयाबीनच्या शेतात पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी जी रुंद पानांची तणे डोके वर काढतात, ती फुलावर येण्याआधीच ओळखता आली, तर खुरपणीचे निम्मे श्रम वाचतात, असा माझा अनुभव आहे. गाजर गवत, जे पुण्यात 1955 साली प्रथम नोंदवले गेले, ते लहानपणी जमिनीलगत गोलाकार पसरते आणि त्याची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. ते उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

खरा घोटाळा होतो तो घोळ आणि दुधी (भोपळा नव्हे, त्याच नावाचे तण) यांच्यात, विशेषतः अंगणातील हिरवळीत, जिथे दोन्ही तांबूस देठांनी जमिनीला चिकटून पसरतात. देठ मोडून पाहावा: पांढरा चीक आला तर ती दुधी, आणि पाने मांसल असून चीक नसेल तर ती घोळ, जिची भाजी आमच्या घरी आवडीने होते.

केना मात्र शास्त्राप्रमाणे एकदल असूनही तणनाशकांच्या माहितीपत्रकात रुंद पानांच्या तणांतच गणला जातो. निळ्या फुलांवरून तो चटकन ओळखू येतो; परंतु जमिनीखालीही त्याला फुले येऊन बी धरते, आणि खुरपून बांधावर टाकलेल्या ओल्या तुकड्यांच्या पेरांना पुन्हा मुळे फुटतात, म्हणून मी तो गोळा करून कडक उन्हात वाळवतो.