वाक आणि नीस

"आडनाव?" "वाकनीस." "वाकणकर का?" "नाही हो, वाकनीस." "म्हणजे फडणीसांसारखं?" "हां, तसंच समजा." गॅस बुकिंग असो नाहीतर दवाखाना, हा संवाद ठरलेला. एकदा एका लग्नपत्रिकेवर चक्क 'वाघनीस' छापून आलं तर बाबा इतके खूश झाले की महिनाभर ती पत्रिका टीपॉयवरून हलली नाही.

शाळेत मात्र हाल होते. मराठीच्या बाईंनी संधी-विग्रह शिकवला आणि मागच्या बाकावरून लगेच विग्रह आला, 'वाक आणि नीस'. म्हणजे आधी वाकायचं, मग मेथी निसायची. दहावीपर्यंत 'काय रे, निसून झाली का भाजी?' हे ऐकलंय.

खरं तर भानगड सोपी आहे. मूळ शब्द वाकेनवीस. वाकिया म्हणजे घडलेली गोष्ट, हा अरबीतून आलेला, आणि नवीस म्हणजे लिहिणारा, हा फारसी. त्याच नवीसाची पुढे घासून घासून नीस झाली, म्हणून चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस ही सगळी आमची भावकी, रक्ताची नव्हे हं, दौत-लेखणीची! पोतनीस पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशोब लिहिणार, पारसनीस फारसी पत्रव्यवहार बघणार, आणि आम्ही काय तर आज काय घडलं ते लिहिणार. मुघलांकडेही वाकेनवीस होते, सुभ्यातल्या बातम्या लिहून वर पाठवायचे. शिवाजी महाराजांकडे दत्ताजीपंत वाकनीस होते. महाराजांच्या रोजच्या कारभाराची टिपणं ठेवायची आणि भेटायला, जेवायला कोण येतंय त्यावरही नजर ठेवायची, असं ते काम.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावं दिली, तेव्हा वाकनीसाचा झाला मंत्री. मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत. पण पदाचं नाव बदललं तरी आडनावं कुठे ऐकतायत, मुजुमदार आणि डबीर आजही आहेत आणि आम्हीपण, थोडे का होईना. लहानपणी टेलिफोन डिरेक्टरीत मी आमचं आडनाव शोधायचो, कुलकर्णी पानंच्या पानं आणि आम्ही बोटांवर मोजण्याइतके. प्रवासात कुणी वाकनीस भेटलाच तर बाबा पाच मिनिटांत कुलदैवतापर्यंत पोचायचे आणि नातं काही निघायचं नाही. 'वाकनीस म्हणजे नक्की कोण?' असं विचारणारेही भेटतात, त्यांना जात हवी असते. पण ही हुद्द्याची आडनावं तशी दाद देत नाहीत, साधं देशपांडे घ्या, ब्राह्मणांत आहेत आणि सीकेप्यांतही.

गंमत म्हणजे आमच्या घरात कुणाला लिहायची सवय नाही. आजोबांना पत्र लिहायचा कंटाळा, बाबांनी चार डायऱ्या आणल्या आणि चारही ३ जानेवारीला बंद पडल्या, माझं तर विचारूच नका. लिहिते ती फक्त आई, आणि ती माहेरची साठे! भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये, त्या एवढ्याश्या चौकोनात, पेन्सिलीने. परवा जुन्या वर्षाचं कॅलेंडर रद्दीत घालताना एक पान वाचत बसलो. 'दूध नाही. सिलेंडर लावला. वन्सं जेवायला, श्रीखंड, भांडण.'