पोहे राहिले, तबकडी आली

आज रविवार, सकाळी पोहे-जिलबी आणायला म्हणून इंदूरच्या राजवाड्याकडे गेलो आणि आलो ते हातात ७८ ची जुनी ग्रामोफोन तबकडी घेऊन. "टूटी है भिया, पचास दे दो," म्हणाला विकणारा, मी घासाघीसपण केली नाही. घरी बायकोने नुसतं बघितलं. "अहो, आणि जिलबी?"

काय सांगू, तीस वर्षं झाली मी चिक चॉकलेटच्या मागे आहे. हसू नका, टोपणनाव आहे ते, मूळचा अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे, मुंबईत ताजमध्ये स्वतःचा जॅझ बँड आणि वर आपल्या चितळकरांकडे, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांकडे असिस्टंट. १९५१ च्या 'अलबेला'त तर बँडसकट पडद्यावर दिसतो! १९६७ ला गेला, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

पण तबकडीवर नावं फक्त गाणाऱ्यांची आणि संगीतकाराची, वाजवणारे गायब. म्हणून त्याचा ट्रम्पेट ओळखायचं माझं संशोधन (मुलगा याला टाइमपास म्हणतो) सगळं कानावर. दुपारभर गाण्याचा तोच तुकडा लावला, तबकडीला तडा, मिनिटाला ७८ फेरे म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त वेळा टक् टक् टक्, आणि त्या टकटकीतून तो ट्रम्पेट जो काय वर चढतो ना... तोच असणार. वहीत लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

जिलबी संध्याकाळी आणली. गार होती.